शहाबाद चुनखडक

दक्षिण भारतातील भीमा संघ या गाळाच्या (अवसादी) खडकांच्या प्राचीन गटातील एक प्रमुख शैलसमूह. कर्नाटक राज्यातील कलबुर्गी (पूर्वीचा गुलबर्गा) जिल्ह्यातील शहाबाद या गावावरून यास हे नाव पडले आहे. महाराष्ट्रात घरे, ओसऱ्या, अंगणे, शाळा, देवळांची आवारे, रेल्वेचे फलाट इ. ठिकाणी जमिनीसाठी वापरली जाणारी ‘शहाबादी फरशी’ याच खडकाची असते. मराठवाड्याचा, विशेषतः बीड, लातूर व धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांचा, भूपृष्ठावरील खडक जवळजवळ सर्वत्र बेसाल्ट हा अग्निज खडक आहे. त्यामुळे फरशी, चुना व सिमेंट यांसाठी लागणारा चुनखडक या भागात मिळत नाही आणि तो बाहेरून आणावा लागतो. शहाबाद चुनखडक हा अशा पुरवठ्याच्या जवळच्या साठ्यांपैकी एक आहे. शिवाय बेसाल्टाच्या थरांखाली काय दडले आहे, या प्रश्नाच्या उत्तरातही त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

स्थान व विस्तार : भीमा संघाचे खडक कर्नाटकातील कलबुर्गी, यादगीर व विजयपूर (पूर्वीचा विजापूर) या जिल्ह्यांत आणि तेलंगणाच्या पश्चिम सीमेवरील तांदूरच्या परिसरात उघडे पडलेले आहेत. भूपृष्ठावर दिसणाऱ्या या पट्ट्याचा आकार इंग्रजी ‘एस्’ या अक्षरासारखा वाकडा असून त्याची दिशा सर्वसाधारणपणे ईशान्य-नैर्ऋत्य आहे. पट्ट्याची लांबी सु. १६० किमी. असून त्याने सु. ५,००० चौ. किमी. हून अधिक क्षेत्र व्यापले आहे. भीमा नदी व तिची उपनदी कागिणा यांच्या खोऱ्यांत हे खडक चांगले पाहावयास मिळतात. शहाबाद, वाडी, चित्तापूर, मळखेड, सेडम, तांदूर ही या चुनखडकाच्या प्रदेशातील महत्त्वाची गावे होत.

बीड शहरापासून शहाबाद सरळ रेषेत सु. २४० किमी. आग्नेयीस आहे. दोन्ही ठिकाणे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा जिल्हा म्हैसूर (आताचे कर्नाटक) राज्यात व बीड जिल्हा तत्कालीन मुंबई राज्यात गेला. मात्र पाण्याच्या वाटेने हे दोन प्रदेश आजही जोडलेले आहेत. बीड जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहणारी सीना ही भीमेची उपनदी आहे. त्यामुळे आष्टी तालुक्यातील बेसाल्टावर पडलेल्या पावसाचे पाणी सीनेतून भीमेत आणि पुढे चुनखडकाच्या प्रदेशात जाते.

संशोधन : या खडकांना ‘भीमा माला’ हे नाव विल्यम किंग यांनी १८७२ मध्ये दिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे रॉबर्ट ब्रूस फुट यांनी दक्षिण मराठा मुलूख व लगतचे जिल्हे यांच्या भूविज्ञानावरील आपल्या ग्रंथात (१८७६) त्यांचे तपशीलवार वर्णन केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबाद संस्थानाच्या भूवैज्ञानिक खात्याने या भागाची पाहणी केली आणि सी. महादेवन यांनी १९४७ मध्ये गुलबर्गा जिल्ह्याच्या दक्षिण भागाचे वर्णन प्रसिद्ध केले. शैलसमूहांची आज रूढ असलेली नावे त्यानंतरच्या वर्गीकरणातील आहेत. १९९५ मध्ये काळे व पेशवा या पुण्याच्या भूवैज्ञानिकांनी भीमा द्रोणीसंबंधीच्या माहितीचा एकत्रित आढावा घेतला.

स्तरक्रम : भीमा संघाचे खडक आर्ष महाकल्पातील, म्हणजे २५० कोटी वर्षांहून जुन्या, पट्टिताश्म व ग्रॅनाइट या खडकांच्या झिजलेल्या पृष्ठावर विसंगतपणे वसलेले आहेत. खालून वर त्यांचा क्रम पुढीलप्रमाणे आहे : (१) रबनपल्ली शैलसमूह : तळाशी पिंडाश्म, त्यावर वालुकाश्म व हिरवे-जांभळे शेल, (२) शहाबाद शैलसमूह : चुनखडक, (३) हलकल शैलसमूह : मुख्यत्वे शेल, (४) कटमदेवरहळ्ळी शैलसमूह : चुनखडक, (५) हरवाळ शैलसमूह : शेल. संपूर्ण संघाची जाडी सु. ३०० मी. आहे. कडप्पा, विंध्य यांसारख्या हजारो मीटर जाडीच्या संघांच्या मानाने ती फारच थोडी आहे.

या क्रमावरून त्या काळच्या घडामोडींची कल्पना येते. प्रथम झिजलेल्या सपाट भूमीवर समुद्राचे आक्रमण झाले व किनाऱ्याशी गोटे आणि वाळू साचली. समुद्र आत सरकत गेल्यावर त्याच ठिकाणी बारीक चिखल साचू लागला व त्याचा शेल बनला. पुढे जमिनीवरून येणारा गाळ कमी होऊन पाणी स्वच्छ झाले, तेव्हा चुन्याचा गाळ साचून शहाबाद चुनखडक तयार झाला. नंतर चिखल व चुना यांचा असाच क्रम पुन्हा एकदा घडून आला.

शैलविज्ञान : शहाबाद चुनखडक अतिशय सूक्ष्मकणी आहे. त्याचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत व फोडलेला पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. त्याचा रंग सामान्यतः करडा किंवा निळसर करडा असतो. परंतु गुलाबी, पिवळसर व हिरवट छटाही आढळतात. मुख्य खनिज कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) असून त्याच्या जोडीस मृद् खनिजे व सिलिका कमीअधिक प्रमाणात असतात. खडकात ठिकठिकाणी दातेरी, काळसर रेघा दिसतात. वरच्या थरांच्या दाबाखाली चुन्याचा काही अंश विरघळून गेल्यावर मागे राहिलेल्या मातीच्या या रेघा असून त्यांना स्टायलोलाइट म्हणतात.

या खडकाचा सर्वांत उपयुक्त गुण म्हणजे त्याची पातळ व समांतर थरांनी बनलेली रचना. चुन्याच्या दोन थरांमध्ये मातीचा कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. समुद्र शांत व उथळ होता आणि तळावरचा गाळ लाटांनी ढवळला जात नव्हता, याचे हे निदर्शक आहे. या पापुद्र्यांवर खडक सहज सुटतो आणि करवतीने न कापताही दोन्ही बाजू सपाट असलेल्या लाद्या मिळतात.

चुनखडकावर सौम्य हायड्रोक्लोरिक अम्ल टाकल्यास कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे बुडबुडे येतात, ही त्याची सोपी परीक्षा होय. घरातील शहाबादी फरशीवर लिंबाचा रस किंवा चिंचेचे पाणी सांडून राहिल्यास तेथे फिकट, खरखरीत डाग पडतो, त्याचे कारणही हेच आहे. बेसाल्टाच्या दगडावर असा डाग पडत नाही.

वय व जीवाश्म : भीमा संघ सुपुराकल्पाच्या अखेरच्या भागातील, म्हणजे सु. १०० ते ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यानचा, मानला जातो. तथापि त्याच्या नेमक्या वयाविषयी भूवैज्ञानिकांत एकमत नाही. वय ठरविण्यातील मुख्य अडचण अशी की, कवचधारी प्राण्यांचे जीवाश्म या खडकांत मिळत नाहीत. कारण असे प्राणी त्या वेळी अस्तित्वात आलेले नव्हते. मात्र हलकल शेलमध्ये चुआरिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, काही मिमी. व्यासाच्या, कार्बनाच्या गोल चकत्या आढळल्या आहेत. त्या सागरी सूक्ष्म वनस्पतींच्या किंवा तत्सम जीवांच्या असाव्यात असे मानतात. अशाच चकत्या जगातील इतर भागांतील सुपुराकल्पीय खडकांतही मिळत असल्याने वरील वयोमर्यादेस आधार मिळतो.

आंध्र प्रदेशातील कुर्नूल संघाशी भीमा संघाचे साम्य पुष्कळ असून दोन्ही साधारणपणे समकालीन समजले जातात. कुर्नूल संघातील नारजी चुनखडक हा शहाबाद चुनखडकाच्या तोडीचा मानला जातो. स्वयंपाकघरातील ओट्यासाठी महाराष्ट्रात वापरला जाणारा काळा ‘कडप्पा’ दगड बहुतांशी त्या प्रदेशातून येतो. म्हणजे एकाच घरातील जमीन व ओटा हे एकमेकांपासून शेकडो किलोमीटरांवरील, परंतु बहुधा एकाच कालखंडातील दोन सागरतळांचे दगड असतात.

संरचना : हे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे आहेत. कोट्यवधी वर्षे उलटूनही त्यांना घड्या पडलेल्या नाहीत किंवा उष्णतेने व दाबाने त्यांचे संगमरवरात रूपांतर झालेले नाही. यावरून त्यांच्या निर्मितीनंतर हा भूभाग स्थिर राहिला असे दिसते. याला अपवाद विभंगांलगतच्या पट्ट्यांचा आहे. वाडीजवळचा विभंग, तसेच गोगी-कुरलगेरे विभंग यांच्यालगत थर तिरपे झालेले, वाकलेले व चुरडलेले आढळतात.

दक्षिण ट्रॅपशी संबंध : उत्तरेस व पश्चिमेस भीमा संघाचे खडक दक्षिण ट्रॅपच्या (दख्खनच्या लाव्हाथरांच्या) खाली दिसेनासे होतात. हे लाव्हा सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कल्पाच्या अखेरीच्या सुमारास, भूपृष्ठातील भेगांतून बाहेर पडले व एकावर एक पसरत गेले. चुनखडकाची निर्मिती आणि लाव्ह्याचे आगमन यांमध्ये बहुधा ५० कोटींहून अधिक वर्षे गेली. या दीर्घ काळातील सागरी खडक या भागात नाहीत. भूमी उघडी राहून झिजत होती आणि आधी साचलेल्या थरांचाही काही भाग नष्ट झाला असला पाहिजे.

बीड जिल्हा संपूर्णपणे ट्रॅपच्या प्रदेशात मोडतो. जिल्ह्याच्या मध्यातून जाणारी बालाघाटची रांग, पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीचे खोरे, धारूरचा डोंगरी किल्ला, अंबेजोगाईची कोरीव लेणी या सर्वांचा खडक बेसाल्ट हाच आहे. मग या बेसाल्टाखाली भीमा संघाचा चुनखडक असेल काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. भूपृष्ठावरून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी खोल वेधन करावे लागते.

असे वेधन एका दुर्घटनेच्या निमित्ताने झाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी व परिसरात विनाशकारी भूकंप झाला. भूकंपाच्या कारणांच्या शोधार्थ किल्लारी येथे ६१७ मी. खोलीचे वेधनछिद्र घेण्यात आले. त्यात वरचे ३३८ मी. बेसाल्ट, त्याखाली केवळ सु. ८ मी. जाडीचा गाळाच्या खडकाचा थर व त्यानंतर थेट पट्टिताश्माचा पाया लागला. भीमा संघाचा जाड चुनखडक तेथे आढळला नाही. किल्लारी शहाबादपासून सु. ११० किमी. व अंबेजोगाईपासून सु. ७५ किमी. अंतरावर आहे. सातारा जिल्ह्यात कोयना परिसरातही भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल वेधने करण्यात आली. रासाटी येथील छिद्रात ९३२·५ मी. बेसाल्टाखाली मध्ये कोणताही गाळाचा थर न लागता एकदम ग्रॅनाइटी पायाचा खडक लागला.

एकदोन छिद्रांवरून विस्तृत प्रदेशाविषयी निश्चित विधान करणे धोक्याचे असते. तरीही भीमा द्रोणीचा चुनखडक ट्रॅपखाली उत्तरेकडे अखंड पसरत गेलेला नाही, एवढे किल्लारीच्या वेधनावरून दिसते. एक तर तो समुद्र येथवर आलाच नसावा, किंवा तेथे साचलेले थर लाव्हा येण्यापूर्वीच झिजून गेले असावेत. बीड जिल्ह्याच्या एखाद्या भागाखाली हा चुनखडक असलाच, तरी त्यावर शेकडो मीटर बेसाल्ट असल्याने तो खणून काढणे व्यवहार्य नाही. म्हणून जिल्ह्याच्या दृष्टीने चुनखडक हा बाहेरूनच आणावयाचा पदार्थ ठरतो.

चुनखडी व चुनखडक : बीड जिल्ह्यात नाल्यांच्या काठी व काळ्या मातीच्या खाली चुन्याचे पांढुरके, ओबडधोबड खडे मिळतात. त्यांना चुनखडी किंवा कंकर म्हणतात. नावातील साम्यामुळे कंकर व चुनखडक यांत पुष्कळदा गफलत होते. परंतु दोहोंची निर्मिती अगदी वेगळी आहे. बेसाल्टातील फेल्स्पार व पायरोक्सीन या खनिजांत कॅल्शियम असते. पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून ते किंचित अम्लधर्मी बनते व या खनिजांचे अपघटन करते. मुक्त झालेले कॅल्शियम पाण्याबरोबर मातीत झिरपते आणि कोरड्या ऋतूत पाण्याचे बाष्पीभवन झाले की, कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपाने खड्यांच्या आकारात साचते. म्हणून पाऊस बेताचा व उन्हाळा कडक असलेल्या प्रदेशात कंकर विपुल असतो. चुनखडक हा प्राचीन सागरतळाचा शैलस्तर आहे, तर कंकर हा बेसाल्टाच्या झिजेतून मातीत तयार होणारा अर्वाचीन पदार्थ आहे.

सिमेंट प्रचारात येण्यापूर्वी मराठवाड्यातील वाडे, गढ्या, देवळे, बारवा यांच्या बांधकामासाठी लागणारा चुना मुख्यत्वे कंकर भट्टीत भाजून मिळवीत असत. हा चुना वाळूबरोबर बैलांच्या घाणीत मळून वापरीत. कंकरातील मातीच्या अंशामुळे तो ओलसर जागीही घट्ट होतो. परंतु कंकरचे साठे विखुरलेले, पातळ व मिश्र स्वरूपाचे असल्यामुळे मोठ्या सिमेंट कारखान्यास ते पुरत नाहीत.

प्राचीन उपयोग : या चुनखडकाच्या प्रदेशात माणसाने दगडाचा उपयोग फार पूर्वीपासून केला आहे. यादगीर जिल्ह्यात हुणसगी खोऱ्यातील इसामपूर येथे भीमा संघाच्या सिलिकायुक्त चुनखडकाच्या लाद्यांपासून हातकुऱ्हाडी व इतर अवजारे बनविण्याचे अश्मयुगीन ठिकाण सापडले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी तेथे उत्खनन केले. तेथे मिळालेल्या प्राण्यांच्या दातांवरून या स्थळाचा काळ सु. १२ लाख वर्षांपूर्वीचा असा काढण्यात आला आहे. दगड जेथे मिळतो तेथेच त्याला आकार देण्याची ही रीत म्हणजे एका अर्थी खाणीचीच सुरुवात होय.

ऐतिहासिक काळात भीमेच्या काठी सन्नतीजवळील कनगनहळ्ळी येथे मोठा बौद्ध स्तूप उभारण्यात आला. त्याच्या चुनखडकाच्या शिल्पपट्टांपैकी एकावर सम्राट अशोकाची प्रतिमा असून तिच्याखाली त्याचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. दगड सूक्ष्मकणी असल्यामुळे बारीक कोरीव काम त्यावर चांगले उठते. सन्नती येथील चंद्रलांबा ही महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची कुलदेवता आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट (आताचे मळखेड) कागिणेच्या काठी याच प्रदेशात होती.

फरशी उद्योग : खाणीत प्रथम वरची काळी माती व कुजका दगड काढून टाकतात. मग पहारी व छिन्न्या थरांच्या सांध्यांत घालून लाद्या उचकटतात आणि हातोडी-छिन्नीने त्यांच्या कडा सरळ करतात. अलीकडे करवतीच्या यंत्रांनी कापलेल्या व झिलई केलेल्या लाद्याही मिळतात. तांदूर भागातील पिवळसर व निळसर फरशी याच द्रोणीतील आहे.

या फरशीच्या प्रसारास लोहमार्ग कारणीभूत झाला. मुंबईहून सोलापूर, वाडीमार्गे जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासच्या लोहमार्गास मिळाला आणि १८७४ मध्ये वाडी ते हैदराबाद हा निजामाचा लोहमार्ग सुरू झाला. त्यामुळे वजनदार दगड दूरवर पाठविणे परवडू लागले. बेसाल्टाच्या प्रदेशात या दगडाला मागणी येण्याचे कारण भूवैज्ञानिक आहे. बेसाल्ट कठीण व टिकाऊ असून भिंती, पायऱ्या, जोती यांस उत्तम असतो. परंतु त्याला पातळ थर नसतात. लाव्हा थिजताना पडलेल्या भेगांवर तो ओबडधोबड फुटतो व त्याची पातळ लादी काढणे कष्टाचे असते. म्हणून काळ्या दगडाच्या भिंती, कंकराचा चुना व शहाबादी फरशी असा तीन उगमांचा मेळ मराठवाड्यातील जुन्या बांधकामांत आढळतो. चिनी मातीच्या लाद्यांच्या प्रसारामुळे घरांच्या आतील भागातून ही फरशी मागे पडली असली, तरी अंगणे, पदपथ व गोदामे यांसाठी ती अजून वापरतात.

सिमेंट : शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजल्यास वजनाने ५६ टक्के चुना (कॅल्शियम ऑक्साइड) मिळतो व ४४ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो. सिमेंटासाठी चुनखडक व मृण्मय पदार्थ यांचे दळलेले मिश्रण सु. १,४५०° से. तापमानास भाजून क्लिंकर तयार करतात. एक टन क्लिंकरास सु. दीड टन चुनखडक लागत असल्याने कारखाना खाणीजवळच काढावा लागतो. शहाबाद चुनखडकातील मॅग्नेशियमाचे प्रमाण सामान्यतः कमी असल्याने तो या कामास योग्य ठरला आहे. १९३६ मध्ये असोसिएटेड सिमेंट कंपनीत विलीन झालेल्या कंपन्यांत शहाबाद सिमेंट कंपनी ही एक होती. पुढे वाडी, सेडम, मळखेड व तांदूर येथे मोठे कारखाने निघाले. क्लिंकर खाणीपासून दूर नेऊन दळता येत असल्याने सोलापूरजवळ होटगी येथे दळणाचे कारखाने उभे राहिले. महाराष्ट्रातील चुनखडकाचे मोठे साठे चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत, पैनगंगा संघाच्या खडकांत आहेत. दक्षिण मराठवाड्यास मात्र भीमेचा प्रदेश अधिक जवळचा आहे.

इतर खनिजे : गोगी (जि. यादगीर) येथे विभंगालगतच्या चुरडलेल्या चुनखडकात व त्याखालील ग्रॅनाइटात युरेनियमाचा साठा आढळला आहे. पिचब्लेंड व कॉफिनाइट ही त्यातील मुख्य खनिजे होत. विभंगांतून वर आलेल्या द्रावणांपासून ती साचली असे मानतात. तेथील प्रस्तावित खाणीस पाणी व आरोग्य यांच्या काळजीने स्थानिक लोकांनी विरोध केला आहे.

खाणकामाचे परिणाम : फरशीसाठी दगड काढताना तुटलेला व कामास न येणारा दगड मोठ्या प्रमाणात निघतो आणि त्याचे ढीग खाणींभोवती साचतात. सोडून दिलेल्या खाणींत पावसाचे पाणी साठून धोकादायक तळी तयार होतात. योग्य देखरेख ठेवल्यास त्यांचा पाणीसाठ्यासाठी उपयोग होऊ शकतो. खाणीवरची काळी माती एकदा उलथली गेली, म्हणजे ती शेतजमीन पूर्वस्थितीत आणणे कठीण होते. भूजलाच्या दृष्टीनेही हा खडक महत्त्वाचा आहे. मुळात तो घट्ट असला, तरी सांधे व थरांमधील फटी पाण्यात हळूहळू विरघळून रुंदावतात व त्यांतून पाणी दूरवर वाहते. त्यामुळे एका ठिकाणी झालेले प्रदूषण बऱ्याच अंतरावरील विहिरींपर्यंत जाऊ शकते. या बाबतीत बेसाल्टी प्रदेशातील अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. चुनखडकाचा प्रत्येक थर साचण्यास फार मोठा काळ लागलेला असून तो पुन्हा निर्माण होणारा नाही. म्हणून खाणींची आखणी करताना फरशीचा दगड, सिमेंटचा दगड, शेतजमीन व भूजल या चारही गोष्टींचा एकत्र विचार करणे आवश्यक आहे.